नवरा खूश, मुलगी खूश, मग मलाच का करमत नाही?

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, मोठं शहर सोडून आम्हाला इथे येऊन दहा महिने झाले. नवऱ्याची प्रमोशनवर बदली झाली, नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. शहर छोटं आहे, घर मोठं मिळालं, त्याचं ऑफिस दहा मिनिटांवर, मुलगी चौथीत आहे, ती चालत शाळेत जाते आणि मस्त रमलीये. मी अकरा वर्षं एका ऑडिट फर्ममध्ये होते, ती नोकरी सोडली. पण मला इथे करमतच नाही. संध्याकाळी सातनंतर करायचं काय तेच कळत नाही. माझ्यासारखं इथे कुणी नाही. समोरच्या काकूंना आमचं सगळं माहीत असतं, परवा म्हणाल्या काल दोन वाजेपर्यंत लाइट चालू होता, बरं नाही का? कुठे जायचं तर नवऱ्याला गाडी काढायला सांगावं लागतं. त्याला बोलले तर म्हणतो होईल सवय. रात्री जुन्या ग्रुपवरचे फोटो बघत बसते आणि रडू येतं. एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना रडते म्हणजे मी कृतघ्न आहे का? खरंच सवय होईल, की परत जायचा हट्ट धरू?"

अगं, कृतघ्न वगैरे काही नाहीयेस तू, ते आधी डोक्यातून काढून टाक.

तुझं पत्र नीट वाचलं तर त्यात शहर आहे, काकू आहेत, संध्याकाळ आहे, आणि मध्येच एक ओळ येते, अकरा वर्षांची नोकरी सोडली. बास, एवढंच, पुढे लगेच दुसरा विषय. अकरा वर्षांबद्दल एकच ओळ! मला वाटतं घरातही असंच झालं असणार, म्हणजे बदलीचं ठरत होतं तेव्हा घर कुठल्या भागात, मुलीची शाळा कुठली, सामान कधी हलवायचं यावर तासन् तास बोलणं झालं असेल आणि तुझ्या नोकरीचं "बघू तिथे गेल्यावर काहीतरी" एवढ्यात उरकलं असेल. आणि तूही त्यात मान डोलावली असशील, कारण त्या वेळी घरात सगळे खूश होते आणि त्या आनंदात आपलंच रडगाणं कुठे गायचं असं वाटतं. म्हणून मला आधी या ओळीबद्दलच बोलायचंय, शहराचं नंतर बघू.

तू हिशोबातली आहेस म्हणून त्याच भाषेत सांगते. जेकब मिन्सर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये कुटुंबांच्या स्थलांतरावर लिहिलं होतं, त्यातला मुद्दा असा की एखादं घर गाव बदलतं तेव्हा अख्ख्या घराचा ताळेबंद फायद्यात असू शकतो आणि तरीही त्याच घरातल्या एका माणसाचा स्वतःचा ताळेबंद तोट्यात जाऊ शकतो, म्हणजे असा माणूस जो एकटा असता तर हललाच नसता, पण घरासाठी हलला. नंतर वेगवेगळ्या देशांत यावर बरेच अभ्यास झाले आणि त्यात हा तोटा बहुतेक वेळा बायकोच्याच वाट्याला आलेला दिसतो. त्यामुळे नवरा खूश आणि तू दुःखी यात विचित्र असं काही नाही, एकाच निर्णयाची दोन टोकं तुमच्या दोघांच्या हातात आलीयेत. त्याचा आनंदही खोटा नाही बरं का. रोजचा प्रवास जितका लांब तितकं माणसाचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी, हे ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या माणसांची माहिती तपासून दाखवलंय, आणि नवऱ्याचा तो प्रवास आता संपलाय, तो दमून न येता घरी येतोय, मग फ्रेश असणारच ना. पण त्याला दहा महिन्यांत जे मिळालं ते तुला मिळालेलं नाही आणि तुझं जे गेलं ते त्याचं गेलेलं नाही. "होईल सवय" असं तो म्हणतो तेव्हा त्याला वाटतंय की तुम्ही दोघं एकाच गोष्टीची सवय करताय. तसं नाहीये, आणि हे त्याला तुलाच सांगावं लागेल, ते कसं ते शेवटी लिहिते.

आता संध्याकाळी सातचं बघ. तिथे सात वाजता तू कुठे असायचीस? बहुतेक ऑफिसातून निघत असशील नाहीतर वाटेत असशील, घरी पोचून हुश्श करेपर्यंत साडेआठ, मग स्वयंपाक, मुलीचा अभ्यास आणि झोप. म्हणजे ही सातची वेळ तुझ्याकडे आधी कधी नव्हतीच, ती आता नव्याने हातात आलीये आणि दिवसभर काम नसल्याने ती आणखीच मोठी वाटतेय. छोट्या शहरात आलेल्या भरपूर माणसांचं हे होतं, नोकरी असलेल्यांचंसुद्धा. सुरुवातीचे दोन-तीन महिने वाटतं वा, किती वेळ आहे, आणि मग तोच वेळ अंगावर येतो, कारण मोठ्या शहरात वेळ आपोआप भरला जातो आणि छोट्या शहरात तो आपल्याला ठरवून भरावा लागतो. यात तुझं काही चुकत नाहीये.

कामाचं मात्र खरंच अवघड आहे आणि ते मी गोड करून सांगणार नाही. मोठ्या शहरात एक फर्म सोडली तर तशाच आणखी पन्नास असतात, छोट्या शहरात तुझ्या कामाच्या दोन-चारच जागा असतात आणि तिथे वर्षानुवर्षं बसलेली भरवशाची माणसं असतात. जॉबच्या वेबसाइटवर या शहराचं नाव टाकून बघितलं असशील तर जवळपास काही आलं नसणार. पण त्यावरून इथे काम नाही असं ठरवू नकोस. छोट्या शहरात जाहिरात देऊन माणूस शोधणारे कमी आणि चार लोकांना विचारून शोधणारे जास्त, त्यातून तुझं काम म्हणजे हिशोबाचं, आणि स्वतःच्या धंद्याच्या वह्या अनोळखी माणसाच्या हातात कोण देतं? ज्याला कर्ज हवंय पण कागदपत्रं अर्धवट आहेत, ज्याला टॅक्सची नोटीस आलीये आणि नक्की काय उत्तर द्यायचं कळत नाहीये, अशी माणसं प्रत्येक शहरात असतात आणि त्यांना अकरा वर्षांच्या अनुभवाची बाई मिळाली तर हवीच असते, फक्त तू आहेस हे त्यांना माहीत नाहीये.

आणि इथेच समोरच्या काकू येतात.

काकूंचा तुला राग आलाय ते कळतंय मला. मलाही असल्या चौकश्या आवडत नाहीत, आणि सगळ्या काकू मनाने फार चांगल्या असतात बरं का असंही मी म्हणणार नाही, काही जणींना खरंच दुसऱ्याच्या घरात डोकावायचं असतं. मोठ्या शहरात शेजारच्याला आपलं नावही माहीत नसतं आणि त्यातही एक सुख असतं, कुणाला काही सांगायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ मध्येच लिहून ठेवलंय की छोट्या गावातला कोतेपणा माणसाला जखडतो आणि मोठ्या शहरात त्याला मोकळीक मिळते, पण त्याच मोकळिकीत, ऐन गर्दीत, माणूस सगळ्यात एकटाही पडतो. मोकळीक तुझी गेलीये, त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण तिच्या बदल्यात इथे जे मिळतं ते तू अजून घेतलेलंच नाहीयेस, आणि माझं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीवर येऊन थांबतं.

बघ, काकूंना तुझ्याबद्दल काय माहीत आहे? लाइट किती वाजता बंद होतो, नवऱ्याचं पद काय, मुलगी कुठल्या शाळेत. आणि काय माहीत नाही? अकरा वर्षं तू काय काम करत होतीस, ते. तू सांगितलं नाहीस म्हणून त्यांच्याकडे जे आहे, म्हणजे खिडकीतला लाइट, त्यावरून त्या अंदाज बांधतात. छोट्या शहरात तुझ्याबद्दल बोललं जाणारच आहे, ते तुझ्या हातात नाही. पण काय बोललं जावं ते बरंचसं तुझ्या हातात आहे. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं की "बरी आहे हो काकू, ऑडिटच्या कामामुळे रात्री जागायची सवय लागलीये, तिथे अकरा वर्षं तेच करत होते, आता इथे तसं काही काम बघतेय" एवढं हसून सांग आणि आत ये. एवढंच. मग बघ ही बातमी लाइटच्या बातमीपेक्षा किती लांब जाते, कुणाचा तरी पुतण्या निघेल, कुणाच्या तरी दिरांचा कारखाना निघेल. लगेच काम मिळेल असं अजिबात म्हणत नाहीये मी, पण इथे काम ज्या वाटेने येतं ती वाट हीच आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की नोकरीचं कुणाकडून कळलं, आणि ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांना ती अशा माणसाकडून कळली होती ज्याच्याशी त्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. घट्ट मैत्रिणींकडून नाही! कारण मैत्रिणींना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवीन खबर लांबच्या ओळखीतून येते. तर काकू म्हणजे तुझी तसली ओळख आहे.

अर्थात सगळंच सांगत सुटू नकोस. घरातली भांडणं, पैशाचं, सासरच्या कुरबुरी आणि "मला तुमचं शहर आवडत नाही" हे तर मुळीच नाही. इथे एकच माणूस तुला तीन ठिकाणी भेटतो, जी बाई आज शेजारीण आहे तिचीच बहीण मुलीच्या शाळेत शिकवत असते आणि तिचाच भाऊ उद्या तुझ्याकडे हिशोब घेऊन येतो, त्यामुळे पटलं नाही म्हणून नंबर ब्लॉक केला आणि विषय संपला असं इथे चालत नाही. ओळख सावकाश वाढव. आणि "आमच्याकडे तर असं असायचं" हे वाक्य शक्यतो तोंडातून येऊ देऊ नकोस, आपण सहज बोलून जातो पण ऐकणाऱ्याला ते आपल्या घराला नावं ठेवल्यासारखं लागतं.

गाडीचं तर मला फार लागलं. कुठेही जायचं तर नवऱ्याला सांगावं लागतं, म्हणजे जी बाई अकरा वर्षं एकटीने ट्रेन-बसने अख्खं शहर पालथं घालायची तिला आता साधं बाहेर पडायलाही कुणाच्या तरी सोयीची वाट बघावी लागतेय. छोट्या शहरात अंतरं कमी असतात पण बस वेळेवर नसते, संध्याकाळनंतर तर नसतेच, रिक्षा मिळेल न मिळेल, तिथे ज्याला गाडी येत नाही तो घरात अडकतो. आणि आपल्याला वाटत राहतं शहर कंटाळवाणं आहे, पण आपण ते धड बघितलेलंच नसतं, नवरा जिथे नेतो तेवढंच बघितलेलं असतं. म्हणून परत जायचं की नाही त्याचा निर्णय होईल तेव्हा होईल, तू ड्रायव्हिंग क्लास या आठवड्यात लाव, स्कूटर शीक, चारचाकी शीक, काहीही शीक. मोठ्या शहरापेक्षा इथे शिकणं सोपं, ट्रॅफिक कमी. क्लासवाल्याकडेच शीक बरं का, नवऱ्याकडून नको, भांडणं होतात. लायसन्स हातात आलं की पहिल्यांदा एकटीच निघ, काही काम नसताना, शहराच्या ज्या बाजूला अजून गेलेली नाहीस तिकडे.

मैत्रीबद्दल. तू लिहिलंयस माझ्यासारखं इथे कुणी नाही. खरं आहे, नसेल. मोठ्या शहरात माणसं इतकी असतात की त्यातून आपल्याच वयाच्या, आपल्याच कामातल्या, आपल्यासारखेच जोक मारणाऱ्या दहा जणी निवडता येतात. छोट्या शहरात तेवढा चॉइस नसतो. पण मैत्री नुसती सारखेपणातून होत नाही, ती परत परत भेटण्यातूनही होते, आणि ते इथे जास्त सोपं आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नुकतंच गाव बदललेल्या मोठ्या माणसांचा, म्हणजे अगदी तुझ्यासारख्यांचा अभ्यास केला, २०१८ मध्ये तो आला, त्यात त्यांचा अंदाज असा निघाला की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, नीट मैत्री म्हणावी इतकं व्हायला ९० आणि जवळची मैत्रीण व्हायला २०० च्या वर, आणि तेही शेजारी बसून काम करण्याचे तास नाहीत, मोकळं बोलण्या-बसण्याचे. आता तूच हिशोब कर, आठवड्याला दोन तास धरले तरी ५० तासांना सहा महिने लागतात. दहा महिन्यांत इथल्या एकाही माणसाबरोबर तुझे असे दहा तास तरी झालेत का? झाले नसतील तर "इथे माझं कुणी होऊ शकत नाही" असं म्हणायला अजून आधारच नाही. जुन्या मैत्रिणींबरोबरचे ते तास ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत आणि जाता-येता आपोआप झाले होते, तुला ते मोजावे लागले नाहीत.

म्हणून सांगते, एक जागा आणि एक वेळ पकड आणि ती सोडू नकोस. सकाळचं फिरणं असेल, लायब्ररी असेल, गाण्याचा क्लास असेल, पोहणं असेल, जे तुला मुळात आवडतं ते, नुसतं माणसं भेटतील म्हणून नावडतं काही नको, ते टिकत नाही. पहिले काही आठवडे कुणी बोलणार नाही, मग मान हलवतील, मग एखाद्या दिवशी तू गेली नाहीस तर दुसऱ्या दिवशी विचारतील काल दिसला नाहीत. तिथून सुरू होतं. आणि वय बघू नकोस गं. छोट्या शहरात असताना माझी सगळ्यात जवळची मैत्रीण माझ्यापेक्षा खूप मोठी होती, रिटायर झालेली, लायब्ररीत आम्ही दोघी एकाच वारी पुस्तकं बदलायला जायचो त्यातून ओळख झाली, आणि तिच्याशी मी जे बोलले ते माझ्या वयाच्या कुणाशी बोलले नसते.

रात्रीचे फोटो थोडे कमी कर. जुन्या मैत्रिणी तोडायला अजिबात सांगत नाहीये, उलट फोटो बघण्यापेक्षा त्यातल्या दोघीतिघींना फोन कर, रोज नको पण नेमाने. त्या ग्रुपवरचं बोलणं हळूहळू तुला कळेनासं होईल, त्यांचे नवे विषय, नवे जोक, ते झालं की वाईट वाटेल, पण ज्या तुझ्या आहेत त्या फोनवर राहतील. आणि प्रत्येक लाँग वीकेंडला तिकडे पळू नकोस. ज्या शनिवार-रविवारी इथे मुळं धरायची तेच तिकडे गेले तर हे शहर कायम परकंच राहणार.

आता परत जायचं का. आत्ता याचं उत्तर ठरवू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आत्ता ठरवलंस तर ते रडू आलेल्या रात्री ठरवलेलं असेल. पण "बघू" असंही ठेवू नकोस, कारण त्या "बघू"मध्येच तुझी नोकरी गेली. तारीख लावून घ्या, आजपासून एक वर्ष म्हण, आणि तोपर्यंत काय काय करून बघायचं ते दोघांनी मिळून ठरवा. वर्षभर मनापासून धडपड करूनही तुझ्या लायकीचं काम उभं राहिलं नाही तर परत जाण्याचा विषय काढणं हा हट्ट नाही, तो तुझा हक्क आहे, आणि त्या वेळी घरासाठी आपलं काहीतरी सोडायची पाळी नवऱ्याची असेल. घरात कुणाचं मोठं आजारपण असेल आणि त्यातला डॉक्टर इथे नसेल तर मात्र वर्षाची वाट बघू नका, ते कारण एकटंच पुरेसं आहे. मुलीच्या पुढच्या शिक्षणाला अजून बरीच वर्षं आहेत, त्याची भीती आत्ता यात घालू नका. काकू, कंटाळा, शहर झोपतं लवकर, एवढ्यासाठी परत जाऊ नकोस, कारण हातात काम नसलेली तू तिथेही अशीच रडशील, फक्त फोटो इथले बघशील.

नवऱ्याशी बोलताना सुरुवात शहरापासून करू नकोस. "मला इथे करमत नाही" म्हणालीस की तो म्हणणार होईल सवय, त्याच्याकडे दुसरं उत्तरच नाहीये बिचाऱ्याकडे. त्याऐवजी असं सांग की तुझ्या बदलीसाठी मी माझं काम सोडलं, त्याबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही, आणि मला त्याचा फार त्रास होतोय. मुलगी झोपल्यावर बोल, फोन बाजूला ठेवून बोल, आणि तिथल्या तिथे दोन गोष्टी मागून घे. संध्याकाळचे दोन दिवस असे की मुलगी आणि घर तो बघणार आणि तू बाहेर जाणार, आणि दुसरं, पुढची बदली किंवा कुठलाही मोठा निर्णय आला तर आधी तुझ्या कामाचं बघायचं आणि मग बाकीचं. तो वाईट माणूस वाटत नाही तुझ्या पत्रावरून, त्याला कळेल. पहिल्या दिवशी नाही कळलं तर परत बोल.

आणि जुन्या फर्ममधल्या तुझ्या सीनियरना एक मेल टाक, नोकरी परत द्या असं नको, घरून करता येईल असं पार्ट टाइम काम, गर्दीच्या महिन्यांत जास्तीचे हात लागतात तेव्हाचं काम, असं काही आहे का एवढं विचार. अकरा वर्षं ज्या माणसांनी तुझं काम बघितलंय त्यांना तू नव्याने पटवून द्यायची गरज नाही. ते काम मिळालं तर दिवसाला आकार येईल आणि इथल्या लोकांना "काय करता?" चं उत्तर द्यायला तुझ्याकडे आजचं काहीतरी असेल. दोन महिन्यांनी परत लिही मला, मेलचं काय झालं आणि लायसन्सचं काय झालं ते दोन्ही कळव.